करण्यात आले

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. त्या दिवशी तर तो माझ्याआधीच लिफ्टमध्ये शिरला होता.

माझ्या हातात पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचा गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल होता. गुळगुळीत कागद, चकचकीत फोटो, आणि मजकूर असा की अर्ध्या पानात जांभई यावी. यंदाचा अहवाल लिहायचं काम आमच्या छोट्याशा कचेरीला मिळालं होतं, आणि आमच्याकडे असली कामं मी लिहिते. आधी जुना वाचून या, असा निरोप होता. मी वाचत होते, तेही मोठ्याने. राग आला की मी मोठ्याने वाचते.

“‘उत्पादनात वाढ करण्यात आली. उपाययोजना हाती घेण्यात आल्या. खर्चाचे नियोजन करण्यात आले. नव्या बाजारपेठांकडे लक्ष देण्यात आले...’ अरे, या पानात आल्याची शेती केलीये का कोणी?”

लिफ्टमध्ये आणखी एकजण होता. उंच, चष्मेवाला, काखेत फायली. तो दारावरच्या आकड्यांकडे बघत होता, पण त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“एवढं आलं घातलं,” मी त्यालाच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं, “तर चहासुद्धा घशाखाली उतरायचा नाही! सगळं आपलं ‘करण्यात आले’. केलं कोणी? भुताने? ज्याने लिहिलंय ना, त्याला मला एकदा भेटायचंय.”

लिफ्ट थांबली. तो बाहेर पडला, माझ्यासाठी दार हाताने अडवून धरलं आणि म्हणाला,

“भेटलात. मीच.”

असा हा आमचा मुहूर्त. मी मनात त्याचं नाव ठेवलं — आलेवाले.

आलेवाले त्या कंपनीचे सेक्रेटरी होते. कंपनी सेक्रेटरी म्हणजे पत्रं टाइप करणारा नव्हे. संचालकांनी काय ठरवलं हे कायद्याच्या चौकटीत बसवायचं काम त्याचं, आणि अहवालावर त्याची सही पडल्याखेरीज पान छापायला जात नाही. म्हणजे माझा प्रत्येक शब्द या माणसाच्या हाताखालून जाणार होता. नशीब म्हणतात ते हेच.

पहिली बैठक एका काचेच्या खोलीत झाली. वरचा एसी गळत होता, खाली बादली ठेवली होती, आणि आमच्या बोलण्यात दर थोड्या वेळाने ‘टप’ असा आवाज यायचा. मी माझं म्हणणं मांडलं. अहवाल भागधारकांसाठी असतो, कपाटासाठी नाही. वाईट बातमी पहिल्या पानावर सांगा, लोक चांगल्या बातमीवर मग विश्वास ठेवतात. आकडा दिला की त्याचं कारण द्या. आणि प्रत्येक वाक्याला कर्ता हवा. केलं तर ‘आम्ही केलं’, चुकलं तर ‘आम्ही चुकलो’.

“कर्ता ठेवला की त्याला धरता येतं,” आलेवाले शांतपणे म्हणाले.

“त्यासाठीच ठेवायचा!”

टप.

“तुम्ही नेहमी एवढ्या चिडता?”

“नाही. झोपेत चिडत नाही.”

ते हसले नाहीत. फक्त हिरव्या पेनाचं टोपण काढून परत लावलं. मला तेवढ्यानेही राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दिलेल्या टेबलावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर आल्याचा चांगला बोटभर तुकडा. वर हिरव्या शाईत चिठ्ठी: ‘आमच्या शेतातलं.’

मी चिठ्ठी फाडली. आलं खणात टाकलं. मग खण बंद करून, कोणी बघत नाही ना याची खात्री करून, पोटभर हसले.

त्यानंतर सुरू झाली खोडाखोड. मी पानं पाठवायचे, ती हिरवी होऊन परत यायची. काही खोडलेलं पटायचं, हे कबूल करते. माझे दोन आकडे चुकले होते, तेही त्यांनीच पकडले. पण काही दुरुस्त्या अशा होत्या की डोकं भणभणायचं. ‘पंखा’ खोडून ‘वायुवीजन साधन’! मी पान घेऊन तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले.

“हे काय आहे?”

“दुरुस्ती.”

“तुम्ही घरी गरम होतं तेव्हा काय म्हणता? आई, जरा वायुवीजन साधन लाव?”

“आईला कळतं,” ते म्हणाले. “बसा ना. चहा सांगतो.”

“मला चहा नकोय. पंखा हवाय.”

“तुमच्या डोक्यावर फिरतोय तो काय आहे?”

मी वर बघितलं. खाली बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते... आणि चष्म्यामागचे डोळे अजिबात सेक्रेटरीचे नव्हते. मी पान टेबलावर आपटून निघाले. जिन्यात माझ्या लक्षात आलं, की पान परत घ्यायचं राहिलं. म्हणजे पुन्हा जावं लागणार होतं.

मी पुन्हा गेले. मग रोजच जावं लागू लागलं. कधी ‘ग्राहक’ खोडून ‘अंतिम वापरकर्ता घटक’, कधी ‘गोदाम’ खोडून ‘साठवण व्यवस्था’. मी भांडायचे, ते ऐकायचे, आणि शेवटी माझाच शब्द ठेवायचे. मग खोडायचं कशाला? पण चहा मात्र प्यायला जायचा. त्यात आलं नसायचं, हे त्यांनी खास सांगून ठेवलं होतं.

एकदा मी सरळ विचारलं, “तुम्हाला ‘मी’ या शब्दाची ॲलर्जी आहे का?”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “बाबा एका शाळेत कारकून होते. परीक्षेचे कागद गहाळ झाले. चूक चौघांची होती. तिघांनी लिहून दिलं, ‘कागद गहाळ झाले.’ बाबांनी लिहिलं, ‘मी कपाटाला कुलूप लावायला विसरलो.’ नोकरी कोणाची गेली, सांगा.”

मी कप खाली ठेवला.

“तेव्हापासून आमच्या घरात कोणी ‘मी’ लिहीत नाही,” ते म्हणाले. “हसलात तरी चालेल.”

मला हसू आलं नाही. त्या तिघांचा मात्र असा राग आला की चहा तसाच राहिला. मी रागावलेली बघून आलेवाल्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. आपल्या वतीने कोणी चिडलेलं त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं होतं.

इथवर सगळं गोड चाललं होतं. मग मुखपृष्ठ आलं.

फोटो छान होता. वाइंडिंग विभाग, म्हणजे जिथे पंख्याच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळतात तो. निळ्या ॲप्रनमधल्या बायका, सगळ्या हसऱ्या. आणि आत, संचालकांच्या निवेदनात, मोठ्या साहेबांनी म्हणजे अध्यक्षांनी स्वतः सांगून घातलेलं वाक्य: ‘वाइंडिंग विभागातील कामगारांची कार्यक्षमता घटल्याने सदर विभाग बंद करण्यात आला.’

मी मुखपृष्ठ घेऊन गेले. आवाज चढवला नाही. माझा आवाज चढत नाही तेव्हा घरचे लोक खोलीबाहेर जातात.

“ही तिसऱ्या ओळीतली, कानामागे पेन्सिल खोचलेली. दिसली?”

“हो. छान हसतायत.”

“माझी ताई आहे ती.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कामाला लागली तेव्हा मी शाळेत होते. तारेने तिच्या बोटांची टोकं इतकी चिरलेली असायची की माझी वेणी घालताना केस अडकायचे. आणि तुमचे साहेब विभाग बंद झाल्यावर मुलाखतीत सांगतात, कामगार ढिले पडले. ताई दुसऱ्या कारखान्यात काम मागायला गेली. तिथला माणूस काय म्हणाला? ‘तुमच्याच विभागाची कार्यक्षमता घटली होती ना?’ बोलणं लोक विसरतील. पण हे छापलं, तर त्या बायकांच्या कपाळावर कायमचा शिक्का बसला. तुम्ही सांगा, कार्यक्षमता घटली होती?”

“नाही,” ते म्हणाले. लगेच म्हणाले. “तयार मोटारी बाहेरून स्वस्त पडत होत्या. बैठकीत मी होतो. कामाबद्दल कोणी अक्षर बोललं नव्हतं.”

“मग?”

“मग हे वाक्य बदलायला हवं.”

“कोणी?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बदलतो,” ते म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, टेबलावरच्या माझ्या हाताच्या अगदी जवळ आणला, आणि मुखपृष्ठ उचललं. मी दिवसभर तो हात आठवत राहिले. मूर्ख कुठली.

आठवड्याने प्रूफं आली. मी सरळ ते पान काढलं. मुखपृष्ठाचा फोटो बदलला होता, आता तिथे निळ्या आकाशाखाली एक पंखा होता. वाक्य होतं तसंच होतं. काना, मात्रा, वेलांटीसकट.

मी जिने कसे चढले ते मला आठवत नाही.

“वाक्य तसंच आहे!”

आलेवाले उभे राहिले. चेहरा पडलेला. “साहेबांशी चर्चा करण्यात आली—”

“कोणी केली?”

“त्यांच्या सूचनेनुसार मूळ मजकूर कायम ठेवण्यात—”

“कोणी ठेवला? हा मंजुरीचा हिरवा टिळा कोणाच्या पेनाचा आहे?”

“तू समजून घे ना...” त्यांच्या तोंडून निसटलं. कितीतरी दिवस मी या ‘तू’ची वाट बघत होते, आणि तो यावा तर असा! या वाक्यात! मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी आणखी चिडले.

“मला अहो-जाहो करा,” मी म्हणाले. “तुमच्या बाबांनी निदान लिहिलं तरी होतं. तुम्ही त्या तिघांत जाऊन बसलात.”

हे लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले होते. ते खुर्चीत बसले, आणि मी निघाले.

माझं टेबल आवरायला घेतलं. खण उघडला, ते आलं त्यांच्या दारात भिरकावून द्यायचं ठरवून. तर त्याला हिरवा कोंब फुटलेला. अंधाऱ्या खणात, पाणी नाही, माती नाही, आणि हे शहाणं आपलं उगवतंय! माझा इतका संताप झाला की मी ते पर्समध्ये टाकलं आणि घरी नेऊन कुंडीत लावलं. ताई बघत होती.

“हे काय?”

“आलं आहे.”

“कोण आलं?”

“कोणी आलं नाही!” मी ओरडले. ताईने नुसती भुवई वर केली. तिला मी वाक्याबद्दल सांगितलं. ती फक्त बोटांची टोकं एकमेकांवर घासत राहिली, तार गुंडाळून झाल्यावर करायची तशी. “जाऊ दे गं,” म्हणाली. ताईचं ‘जाऊ दे’ मला कधीच सहन झालेलं नाही.

छपाईच्या दिवशी मला छापखान्यात हजर राहावंच लागतं. पहिलं पान मशीनवरून उतरलं की मी तपासायचं, मग बाकीची छापायची. त्या दिवशी मी ठरवून गेले होते की अहवालात ‘लेखन’ म्हणून असलेलं माझं नाव काढा म्हणून सांगायचं. पाऊस पडत होता, छपराच्या पत्र्यावर ताशा वाजत होता, आत शाईचा आणि गरम कागदाचा वास. आणि मशीनजवळ छत्री विसरलेले, नखशिखांत भिजलेले आलेवाले उभे.

“तुमचं इथे काय काम?”

“पान बदलायला आलो.” त्यांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद काढला. तेवढाच कोरडा होता.

मी वाचलं. मोठ्याने नाही, मनात. मग पुन्हा मोठ्याने, कारण विश्वास बसेना.

“‘तयार मोटारी बाहेरून घ्यायचा निर्णय आम्ही घेतला आणि वाइंडिंग विभाग आम्ही बंद केला. तिथल्या कामगारांच्या कामात कसलीही उणीव नव्हती.’”

खाली मोठ्या साहेबांची सही होती. तिच्या खाली, हिरवी नव्हे, निळी — आलेवाल्यांची.

“हे कसं झालं?”

“झालं नाही,” ते म्हणाले. “मी केलं.”

मशीनचा एवढा गोंगाट, पण ते ‘मी’ मला स्वच्छ ऐकू आलं.

“साहेबांना सांगितलं, जुन्या वाक्याखाली मी सही करणार नाही. ते म्हणाले, दुसरा सेक्रेटरी आणतो. मी म्हणालो, आणा. पण भागधारकांच्या सभेत कोणी विचारलं की आधीच्याने सही का केली नाही, तर मी येऊन सांगेन.”

“मग?”

“मग साहेब खूप ओरडले. आणि मग त्यांनी पेन मागितलं.”

“आणि तुमची नोकरी?”

“आज आहे. उद्याचं माहीत नाही. बाबांना फोन केला होता. ते म्हणाले, छान केलंस, आता जेवून घे.”

मला हसायला येत होतं, डोळेही भरले होते, आणि या दोन्हीचा राग येत होता. मी कागद मशीनवाल्या मामांच्या हातात दिला. ते शहाणे होते, पाठ करून उभे राहिले.

“आणखी एक निवेदन आहे,” आलेवाले म्हणाले. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. “तुमच्याबद्दल... माझ्या मनात... आपुलकी निर्माण झाली आहे.”

“कोणी निर्माण केली?”

“नाही, म्हणजे... माझं मन जडलंय.”

“आपलं आपण? दूध नासल्यासारखं?”

“मला तुम्ही आवडता!”

“यात कर्ता मी आहे,” मी म्हणाले. “‘तुम्ही आवडता.’ क्रियापद माझ्यामागे चालतंय, बघा. म्हणजे आवडायचं कामही मीच करायचं? तुम्ही या वाक्यात करताय काय?”

त्यांनी चष्मा काढला. ओल्या रुमालाने पुसला, तो आणखीच धूसर झाला. मग एकदम चिडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो शांत माणूस खरोखर, लालबुंद होऊन चिडला.

“मी काय करतो? मी ‘पंखा’ खोडतो! चांगला, धडधाकट शब्द मी मुद्दाम खोडतो! ‘वायुवीजन साधन’ कोणी लिहितं का शुद्धीवर असताना? मी लिहिलं. तू पान घेऊन वर यावीस म्हणून. तू भांडायला लागलीस की मी घड्याळ उलटं करून ठेवतो. ‘अंतिम वापरकर्ता घटक’ शोधायला मी रात्र घालवली! मी. मीच. आणि तू तिसऱ्या मजल्यावर यायची थांबलीस तेव्हापासून मी एकही शब्द धड खोडू शकलेलो नाही. झालं समाधान?”

म्हणजे इतके दिवस माझं डोकं फिरवलं ते ठरवून! माझ्या ‘गोदामा’चा खून केला तो प्रेमापोटी! असा संताप आला मला, असा संताप, की मी पुढे होऊन त्यांची ओली कॉलर दोन्ही हातांनी पकडली.

“पुन्हा माझा ‘पंखा’ खोडलास तर बघ,” मी म्हणाले.

“अहो-जाहो करायचं ना?” तो हळूच म्हणाला.

“गप बस.”

कॉलर मी सोडली नाही. मशीनमधून पहिलं पान खाली आलं, मग दुसरं, मग पानांची रांगच लागली. मामांनी मागे न बघता विचारलं, “ताई, तपासताय ना?” मी म्हणाले, “तपासतेय.” आणि तपासत राहिले. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी जवळून बरे होते.

अहवालाची पहिली प्रत मी ताईला दिली. तिने ते पान तीनदा वाचलं, दुमडलं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात घेऊन गेली. तिथल्या माणसासमोर ठेवून फक्त म्हणाली, “वाचा.” आता ती तिथे नव्या मुलींना वाइंडिंग शिकवते. बोटं पुन्हा चिरली आहेत, आणि त्यावरून मी तिच्याशी भांडते.

आलेवाल्यांची नोकरी टिकली. मोठे साहेब त्याच्याशी अजून बोलत नाहीत, पण सही करण्याआधी प्रत्येक वाक्य त्याला वाचून दाखवायला लावतात. आणि आमच्या खिडकीतल्या कुंडीत आल्याची पानं गजांपर्यंत पोचली आहेत.

परवा तो घरी आला, ताईला भेटला, मग बराच वेळ दोघांनी मिळून माझी चेष्टा केली. तो गेल्यावर ताईने कप विसळता विसळता विचारलं,

“काय गं, मग लग्न ठरलं म्हणायचं का?”

“ठरलं नाही, ताई,” मी तिच्या हातातला कप काढून घेत म्हणाले. “आम्ही ठरवलं.”